दिवेलागणीचं इरजण

आमच्या होस्टेलात कुणी कुणाकडे बसायला गेलं की भिंत चुगली करायची. हसू नका, खरं तेच सांगते आहे. चुगली करण्यात आमच्या वॉर्डन ठमके मॅडमही काही कमी नव्हत्या, पण त्या निदान दुपारच्या झोपायच्या तरी. भिंत झोपत नव्हती.

भिंत म्हणजे भिंतीतली टाकी. चंद्रपुरात आमच्या कॉलेजनं मुलींसाठी हे हरित होस्टेल बांधलं, तेव्हा प्रत्येक खोलीत माझ्या खांद्याएवढी उंच काचेची टाकी बसवली आणि तिच्यात हिरवं पाणी भरलं. पाण्यात शेवाळ. एकेक कण डोळ्यांना न दिसणारा, पण सगळे मिळून पाणी पालकाच्या रसासारखं दिसायचं. पहिल्या दिवशी मला किळसच आली होती. म्हटलं, बाप्पा, तीन वर्षं आता डबक्याशेजारी झोपायचं का?

पण गरज होती. मार्च लागला की पारा पंचेचाळीसवर, मे महिन्यात पन्नासला टेकलेला. सकाळी अकराला शहरात भोंगा व्हायचा, आणि संध्याकाळी साडेपाचच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत रस्त्यावर यायला बंदी. कॉलेज सकाळी सहा ते दहा. उरलेला दिवस खोलीत. खिडकी उघडावी तर खोलीची भट्टी, बंद ठेवावी तर कोंदट हवेनं डोकं दुखायला लागतं, आणि एसीला दुपारची वीज नाही.

यावर तोड काढली ती खनके मॅडमनी. डॉक्टर खनके आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. एक माणूस दिवसभरात श्वासातून जवळजवळ किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि शेवाळाला नेमकं तेच खायला लागतं. खोलीतली हवा टाकीतून फिरवायची, शेवाळ ती खाणार आणि ऑक्सिजन परत देणार. आंघोळीचं पाणी टाकीत सोडायचं, त्यातला मळ हे शेवाळाचं खत. जास्तीचं शेवाळ आठवड्याला गाळून मेसच्या गॅसप्लांटला. म्हणजे आपल्याच श्वासावर भाजलेली पोळी आपण खायची. एसीच्या दहाव्या हिश्शाच्या विजेत, खिडकी न उघडता, खोली गार आणि हवा ताजी.

इथपर्यंत बऱ्याच लोकांनी केलं होतं. खनके मॅडमचा शोध पुढचा. शेवाळासोबत पाण्यात जिवाणूही राहतात. प्रत्येक माणसाच्या श्वासात कार्बन डायऑक्साइडखेरीज शेकडो वायू चिमूट चिमूट असतात आणि त्यांचं प्रमाण माणसागणिक वेगळं. एकाच माणसाजवळ सहा महिने ठेवलेल्या टाकीतले जिवाणू त्या माणसाच्या श्वासाला पुरते सरावतात, आणि मग टाकी तिप्पट काम करते. म्हणून नियम झाला: एक मुलगी, एक खोली, एक टाकी. टाकीत बाहेरचं काही मिसळायचं नाही, टाकीतलं बाहेर काढायचं नाही.

आणि टाकीवर एक छोटी पाटी होती. तिच्यावर आकडा यायचा: खोलीत माणसं, एक. कुणी चार-पाच दिवस सलग येऊन बसलं-उठलं तर जिवाणूंना त्याचीही थोडी सवय लागायची आणि आकडा दोन व्हायचा. तोच आकडा खाली ऑफिसात ठमके मॅडमना दिसायचा.

ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये तपासणी. टाकी मेलेली निघाली की खोली गेली. बाहेर तीनशे मुली रांगेत उभ्या होत्या.

आता माझं सांगते. मी कस्तुरी वाढई. माझं गाव नकाशात शोधू नका, ते कोळशाच्या खाणीत गेलं. जिथं आमची चूल होती, तिथं आता शंभर हात खोल खड्डा आहे. गावातली माणसं पांगली, कुणी वरोऱ्याला, कुणी वणीला. बाबा त्याच धसक्यानं गेले. आई नागपुरात एका आजारी म्हातारीच्या घरी राहून तिचं सगळं करते. तिथं आईलाच स्वयंपाकघरात झोपावं लागतं, मला कुठून जागा असणार? खोली नंबर दोनशे चौदा गेली असती तर मी पिशवी घेऊन कुठं गेले असते, ते मला आजही सांगता येणार नाही. कॉलेज सुटलं असतं, एवढं नक्की.

आई रोज फोन करायची, आणि रोज एकच विचारायची.

"सोबतीले कोन आहे वं?"

"आहे ना आई. शेजारी मैना आहे."

"मंग बरं आहे माय."

मैना कुळमेथे दोनशे पंधरामध्ये राहायची. जिवती तालुक्यातल्या डोंगरावरची. हसली की तीन खोल्या पलीकडे ऐकू जायचं. पहिल्या दिवशी जवसाच्या चटणीची पुडी घेऊन आली आणि सरळ माझ्या खाटेवर मांडी घालून बसली. "तू एकटी दिसली, म्हनून आलो," म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, आलो, गेलो.

पहिल्या सत्राच्या परीक्षेला आम्ही आठ दिवस माझ्या खोलीत मिळून अभ्यास केला. ती मोठ्यानं वाचायची, मी ऐकायची. सहाव्या दिवशी पाटीवर दोन आकडा आला. आम्ही दोघी खिदळलो. मैना टाकीला म्हणाली, "ओळखलं का वं मले? शहाणी आहेस."

अर्ध्या तासात ठमके मॅडम दारात.

"खोली एकीची आहे. नियम वाचता येतो का?"

"मॅडम, अभ्यास करून राहिलो होतो," मैना म्हणाली.

"आपापल्या खोलीत करा. एकीच्या टाकीवर दोघींचा भार पडला तर टाकी बसेल, मग माझ्याकडे रडत यायचं नाही." दोघींना लेखी ताकीद मिळाली. दुसरी ताकीद मिळाली की खोली खाली.

त्यानंतर आम्ही भिंतीवर टकटक करायचो. दोन टकटक म्हणजे जेवायला चल, तीन म्हणजे झोपते. मग एक दिवस मला वाटलं, टकटकीचंही कुणी काही लावून धरलं तर? म्हणून मी उत्तर देणं कमी केलं. मीच कमी केलं, मैनेनं नाही. सगळ्या होस्टेलात हेच चाललं होतं म्हणा. ताकिदीनंतर तिसऱ्या महिन्यात दुपारी व्हरांड्यातून चाललं तर फक्त टाक्यांचे बुडबुडे ऐकू यायचे. चाळीस खोल्या, चाळीस मुली, आणि चाळीस बंद दारं.

दुसऱ्या वर्षी दसरा झाला आणि मैनेची आजी वारली. मैना गावी गेली ती तेरवी करूनच परतली. उन्हाळ्याच्या सुट्टीत होस्टेल टाक्यांना सिलिंडरमधला वायू सोडायचं, पण मध्येच कुणी गेली तर ती सोय नव्हती. तेरा दिवस टाकी तिच्या श्वासावाचून उपाशी. आली तेव्हा पाणी काळ्या चहाच्या रंगाचं झालं होतं आणि तपासणीला आठ दिवस उरले होते.

ती माझ्याकडे आली, तेव्हा नुकतीच दिवेलागण झाली होती. हातात गंज, स्टीलचं छोटं पातेलं.

"कस्तुरे, माही टाकी मरून राहिली वं. तुह्या टाकीतलं वाटीभर दे. इरजनाएवढंच. दुधाले लावतो ना, तसं लावून पाहतो."

माझ्यामागे माझी टाकी गडद हिरवी, होस्टेलात सगळ्यात सुंदर. पाटीवर एक. मी त्या आकड्याकडे पाहिलं. वाटीभर काढलं आणि टाकीला काही झालं तर? कुणी पाहिलं तर? दुसरी ताकीद. पिशवी. रस्ता.

सरळ नाही म्हणायची हिंमत असती तरी बरं झालं असतं. माझ्या तोंडून निघालं, "दिवेलागण झाली ना मैना. या वेळेला इरजण देत नाहीत."

तिला वाटलं मी गंमत करते आहे. हसायला लागली. मग थांबली.

"म्हंजे?"

"आमच्या घरी पाळतात. घरातली बरकत जाते म्हणतात. सकाळी ये."

"बरं," ती म्हणाली. "सकाळी येतो."

खरं म्हणजे आमच्या घरी पाळायचे, हे खोटं नव्हतं. गावात असताना दूध-दही-इरजण दिवेलागणीनंतर आई कुणाला देत नसे. पण शेजारची चंद्रभागाकाकू वाटी घेऊन आली की आई आधी तो नियम बोलून दाखवायची, मग इरजणावर चिमूटभर हळद टाकायची आणि देऊन टाकायची. हळद टाकली की दोष नाही. नियम होता, आणि त्यातून वाटही होती. चंद्रभागाकाकू कधी रिकाम्या वाटीनं परत गेली नाही. ती हळदीची गोष्ट मी मैनेला सांगितली नाही.

सकाळी सहाला प्रॅक्टिकल होतं. मी सव्वापाचला निघाले, चपला हातात घेऊन, दार आवाज न करता ओढून. दहाला परतले तर माझ्या दाराबाहेर तोच गंज पालथा ठेवलेला. मैना वाट पाहून गेली होती. मी तो गंज उचलून तिच्या दारापुढे ठेवला आणि आत जाऊन कडी लावली. ती परत आली नाही. मागून-मागून थकणारी मुलगी नव्हती ती, पण तिला कळलं होतं.

आठ दिवसांनी तपासणीत तिची टाकी मेलेली निघाली. सामान हलवताना तिनं मेलेल्या टाकीतलं तपकिरी पाणी लोणच्याच्या बरणीत भरून घेतलं होतं.

"याचं काय करतेस?" मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"फेकवत नाही वं. वर्षभर माहाच श्वास खाल्ला यानं." मग पिशवी खांद्याला लावून म्हणाली, "बाबुपेठेत एक खोली भेटली आहे, पाच पोरी आहेत तिथं, मी सहावी. येतो मंग. तुले उगाच त्रास दिला त्या दिवशी."

शिवी दिली असती तर मला रात्री झोप आली असती.

त्या हिवाळ्यात माझी टाकी अख्ख्या होस्टेलात पहिली आली. कॉलेजच्या अंकात माझा फोटो आला, टाकीशेजारी उभी, खाली लिहिलेलं: पर्यावरणस्नेही निवासी. दिवे कमी, पाणी कमी, पाहुणा एकही नाही. ठमके मॅडम नव्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या. दोनशे पंधरात नवी मुलगी आली, तिचं नाव मला दारावरच्या पाटीवरून कळलं; चेहरा मी दोनदाच पाहिला असेन.

मला फार एकटं वाटायचं, हे कबूलच करते. मेसमध्ये वाढणाऱ्या सुमनताई "अजून एक घे ना गं" म्हणायच्या, तेवढं ऐकायला मी मुद्दाम ताट रिकामं करून बसून राहायची. खोलीत दुपारी सहा-सहा तास एक शब्द बोलला जात नसे. मग मी टाकीशी बोलायला लागले. आज काय शिकवलं, मेसमध्ये काय होतं. ती बुडबुडे काढायची.

"सोबतीले कोन आहे?" आई विचारायची.

"मैना आहे ना."

"लय दिवस झाले तिचा आवाज नाही आला फोनवर."

"अभ्यास करते आहे आई."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी उठले आणि टाकीत वरच्या कडेला पिवळी रेघ दिसली. तिसऱ्या दिवशी वितभर पिवळं. मी आंघोळीचं पाणी जास्त सोडलं, तासन्‌तास टाकीच्या जाळीला तोंड लावून श्वास सोडत बसले. चक्कर आली, पण पिवळं काही हटलं नाही. तपासणीला बारा दिवस होते.

मी खनके मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅडम म्हणजे बारीक अंगाच्या, फटकळ बाई. समोरच्या माणसाकडे न बघता बोलायच्या.

"मॅडम, समजा एखादी टाकी..."

"समजा कशाला? पिवळी पडली का?"

"माझी नाही मॅडम. एका मुलीची."

"बरं, एका मुलीची." त्यांनी चष्मा काढला. "शेवाळाला बी-ट्वेल्व्ह लागतं. ते त्याला स्वतःला करता येत नाही, सोबतचे जिवाणू करून देतात. सुरुवातीला टाकीत दोनशे प्रकारचे जिवाणू असतात. पण दीड वर्ष एकाच माणसाचा श्वास, एकच साबण, बाकी काही नाही, असं झालं की ज्यांना त्या माणसाचं जमतं तेवढेच उरतात. पाच-सात प्रकार. ते कामाला वाघ असतात, म्हणून टाकी पहिली येते. आणि मग एक दिवस त्यातला बी-ट्वेल्व्ह करणाराच मरतो. खलास."

"मग उपाय काय?"

"चार माणसांत राहिलेलं पाणी आणून मिसळायचं."

"पण नियम..."

"नियम मीच केला आहे. तीन वर्षांचा प्रयोग आहे, मिसळलं तर आकड्यांना अर्थ राहत नाही." त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघत होत्या. "मलाही हल्ली वाटतं की नियम चुकला असेल. पण कमिटीला पुरावा लागतो. आणि पुरावा आणणारी मुलगी नियम मोडणारीच असणार. ती खोली घालवून बसेल. कोण आणेल?"

मी केबिनमधून निघाले. होस्टेलात कुणाकडे मागावं? चाळीस दारांपैकी एकही माझ्यासाठी उघडलं नसतं, आणि उघडलं असतं तरी आत माझ्यासारखीच टाकी, एका माणसावर वाळत आलेली. चार माणसांत राहिलेलं पाणी मला ठाऊक असलेल्या एकाच जागी होतं. असलं तर.

साडेपाचचा भोंगा झाल्यावरच निघता येतं. त्यामुळे बाबुपेठेत पत्ता विचारत विचारत पोचायला मला दिवेलागणच झाली. वाटभर मला ते कळत होतं आणि पाय मागे ओढत होते.

पत्र्याची खोली, दाराला ओल्या गोणपाटाचा पडदा. आत सहा मुली, एक कूलर, जमिनीवर सतरंज्या. कुणी कांदा चिरत होती, कुणी कुणाची वेणी घालत होती, दोघी भांडत होत्या. गरम तर इतकं होतं की माझा कुर्ता पाठीला चिकटला. आणि खिडकीत ती लोणच्याची बरणी. आत पाणी हिरवंगार. बघूनच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कस्तुरी?" मैना उठली. वाळली होती. "ये ना वं. बस."

"जिवंत झालं?" मी बरणीकडे बोट दाखवलं.

"हौ ना! महिनाभर मेल्यासारखंच होतं. मंग ही शेवंता भाताची पेज टाकून द्यायची त्यात, ती ज्योती आंघोळीचं पानी टाकायची, सगळ्या येता-जाता फुंकर मारायच्या. एक दिवस पाहतो तं हिरवी कड. काहीतरी उरलं असन खाली."

सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. मी जमिनीकडे बघत म्हटलं, "माझी टाकी पिवळी पडली मैना. इरजणाएवढं देशील का?"

त्या दोघींचं भांडण थांबलं. कुणाला काय माहीत होतं, काय नव्हतं, देव जाणे. मैनेनं बाहेर पाहिलं. समोरच्या घरात तुळशीपाशी दिवा लावत होते. मी म्हटलं आता ती बोलेल, आणि बोलावंच तिनं. मला ते ऐकूनच घ्यायचं होतं.

ती उठली, कोनाड्यातला तोच स्टीलचा गंज काढला, बरणीतलं अर्धं पाणी त्यात ओतलं आणि वरून ताटली झाकली.

"घे. उतू नको देऊ."

"मैना, त्या दिवशी मी... आमच्यात हळद टाकून देता येतं. मला माहीत होतं."

"असन," ती म्हणाली. "आमच्यात असं काही पाळत नाही. मागाले आलेल्याले देतो." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि जुनं हसूही नव्हतं. "जेवून जाशीन?"

जेवावं असं फार वाटलं. पण सहा जणींची भाजी सात जणींत गेली असती, आणि मी कुठल्या तोंडानं बसणार? "नको, उशीर होईल," म्हटलं. गंज छातीशी धरून मी तीन किलोमीटर चालत आले. मागं त्या दोघींचं भांडण पुन्हा सुरू झालेलं बराच वेळ ऐकू येत होतं.

मैनेचं पाणी माझ्या टाकीत ओतलं. पाचव्या दिवशी पिवळी कड हिरवी व्हायला लागली. आठव्या दिवशी पाणी पहिल्या वर्षीही नव्हतं इतकं दाट झालं. आणि पाटीवरचा आकडा हलला. दोन. दुसऱ्या दिवशी चार. ठमके मॅडम तपासणीच्या कागदांत बुडालेल्या, म्हणून वर आल्या नाहीत. तपासणीच्या सकाळी मी उठून पाहिलं: खोलीत माणसं, सात.

खोलीत मी एकटी होते. पाटी माणसं मोजत नव्हती, माणसांच्या सवयीचे जिवाणू मोजत होती. शेवंताच्या, ज्योतीच्या, मैनेच्या आणि बाकीच्या तिघींच्या श्वासावर वाढलेले जिवाणू माझ्या भिंतीत येऊन राहिले होते.

ठमके मॅडम धापा टाकत आल्या. "सात? सात माणसं कुठं लपवली आहेस?" त्यांनी खाटेखाली वाकून पाहिलं. खरंच पाहिलं. मागून खनके मॅडम आल्या, टाकीपाशी गेल्या आणि वाकून पाण्याचा रंग बघू लागल्या.

"पाटी बिघडली असेल," ठमके मॅडम म्हणाल्या. "टाकी तर फर्स्ट क्लास आहे. तसंच लिहू ना मॅडम?"

वाचण्याचा रस्ता माझ्यासमोर उघडा होता. मान हलवायची, बस. खोली माझी, नाव माझं, पुन्हा एक फोटो. मला ते पालथं ठेवलेलं भांडं आठवलं.

"पाटी बिघडली नाही," मी म्हटलं. "हे मैना कुळमेथेचं पाणी आहे. माझी टाकी मरत होती. तिनं दिलं, मी मिसळलं. आणि ऑक्टोबरात तिनं मागितलं तेव्हा मी दिलं नव्हतं, तेही लिहा."

"अगं ए वेडे," ठमके मॅडमच्या तोंडून निघालं, "गप्प बसायचं ना!"

कमिटी दहा दिवस बसली. मला दुसरी ताकीद मिळाली, म्हणजे खोली जायलाच हवी होती. पण खनके मॅडम अडून बसल्या: ही खोली रिकामी केली तर माझा एकुलता एक पुरावा मरेल. शेवटी माझी खोली राहिली. जूनपासून नवा नियम झाला: प्रत्येक खोलीत दोघी, दर दोन महिन्यांनी शेजारच्या टाक्यांचं पाणी एकमेकींत मिसळायचं, आणि पाटीवरच्या आकड्यावरून कुणाला बोलायचं नाही. पहिली जागा मैनेला द्यायची ठरली. माझ्याच खोलीत.

पत्र घेऊन मी स्वतः गेले. मे महिना होता. मैनेनं ते वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"नाही येत वं."

"का? इथं एवढं गरम..."

"गरम तं आहेच. पन दिवसातून पन्नास वेळा कोनी ना कोनी माह्या नावानं बोंबलते इथं. मले त्याची सवय झाली." मग म्हणाली, "रागानं नाही म्हनत, कस्तुरे. खरंच नाही. दुसऱ्या कोनाले दे."

मी पत्र पर्समध्ये ठेवलं.

सुट्ट्या लागल्या. मुली गावी गेल्या. ज्यांना गाव आहे त्या जातातच. होस्टेलनं दुसरी खाट आणून माझ्या खोलीत टाकली. जुलैत कुणी नवी मुलगी येईल म्हणतात. तोवर तिच्यावर मी चादर घालून ठेवली आहे, उशीसकट. दिवेलागणीला दार उघडं ठेवते. गार हवा जाते म्हणून ठमके मॅडम ओरडतात, पण लावत नाही.

काल त्याच वेळेला आईचा फोन आला.

"सोबतीले कोन आहे वं?"

मी दुसऱ्या खाटेकडे पाहिलं. मग टाकीकडे. मैनेचं नाव आता तोंडातून निघेना.

"सात जणी आहोत आई."

"सात? एवढ्याशा खोलीत?" आई केवढ्यानं तरी हसली. दोन वर्षांत तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. "मंग बरं झालं माय. मले तुही लय काळजी लागली होती. सगळ्याइले सांग, आईनं विचारलं म्हना."

"सांगते," मी म्हटलं.

फोन ठेवला. टाकीपाशी गेले, काचेला हात लावला आणि त्यांना सांगितलं.